माझ्या पोटातला आवाज

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे आणि उगाच नम्रपणा मला जमत नाही. मित्रांनो, या पंपघरातून अख्ख्या गावाच्या नळांना तीस वर्षं मीच पाणी चढवलं. मी सुरू झालो की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. येणारेजाणारे म्हणायचे, "काय दणदणीत आवाज आहे!" मग मी आणखीच फुगायचो.

एके दिवशी माझ्या पोटात काहीतरी आदळू लागलं. पाणीखात्याचे साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "भंगारात काढा." मला सांभाळणारे मिस्त्री मात्र हटून बसले. "आधी कंपनीच्या इंजिनियरला विचारू." तो होता परदेशात, त्याला फक्त इंग्रजी येत होतं आणि मिस्त्रींच्या इंग्रजीचा सगळा आनंदीआनंद! ते फोनवर ओरडत राहिले, "सर, बिग साउंड! व्हेरी व्हेरी बिग!" पलीकडच्याला काय कप्पाळ कळणार?

शेवटी त्यांनी भाचीला बोलावलं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने मला जरासं ऐकलं, कानांवर हात ठेवले आणि फोनवर ऐटीत सांगून टाकलं, "रंबल!" इंजिनियर म्हणाला, मग आतला मुख्य दांडाच गेला, आता दुरुस्ती नाही. मित्रांनो, माझं तर तेलच गोठलं.

"रंबल म्हणजे गं काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"गडगडत राहणारा आवाज, मामा. न थांबता."

"अगं, मग हा तो नव्हेच!" त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. "हा सुटा सुटा येतोय. धान्याचं पोतं जमिनीवर टाकावं तसा. त्याला काय म्हणतात?"

"थड. खोलातून येतोय, म्हणून डीप थड. घुमला असता तर बूम."

"छे, घुमतोय कुठला! थडच."

मिस्त्रींनी मला आधी हळू, मग जोरात चालवून पाहिलं आणि फोन स्वतःच घेतला. "सर, नो रंबल! डीप थड! स्लो, थड. फास्ट, नो थड!"

पलीकडे इंजिनियर हसला. भाचीने फोनला कान लावून त्याचं ऐकलं आणि ओरडलीच, "मामा, मोठं चाक दांड्यावर घट्ट धरणारी पाचर सैल झालीय. एवढंच!"

त्याच दुपारी नवी पाचर बसली आणि मी असा गरजलो की साहेबांच्या हातातला चहा सांडला. मिस्त्री ताठ उभे राहून म्हणाले, "ह्याला रोअर म्हणतात, साहेब!"

मित्रांनो, जुनं यंत्र फार आवाज करतं म्हणून त्याला गप्प करू नका. तेव्हा मी घसा फोडून दुखणं सांगत होतो आणि नीट ऐकणारा एकच निघाला. दुसरे तुम्ही व्हा.