मुका केलेला कीबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. पण माझ्या अंगात आता माझे स्वतःचे असे निम्मेच सामान उरले आहे. याचे दुःख होते का, असे विचाराल तर नक्की सांगता येत नाही. मला तसे कशाचेच फारसे काही वाटत नाही.

माझी घडणच तशी आहे. पुष्कळ कीबोर्डांत बटण दाबले की धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटते. माझ्यात अशी गाठभेट होतच नाही. प्रत्येक बटणाखाली रबराची एक टोपी आणि तिच्या पोटात एक इवलीशी स्प्रिंग असते. ती दबत गेली की तेवढ्यावरून मला अक्षर कळते.

कारखान्यातून निघालो तो एका कचेरीत पडलो. ती बंद झाल्यावर वहिनींच्या टेबलावर आलो. खरे तर त्या एकाच माणसाच्या, म्हणजे त्यांच्या धाकट्या दिरांच्या, वहिनी; पण ते त्यांना इतक्यांदा हाक मारतात की मीही तेच म्हणू लागलो. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल एका कानाला लावून त्या घरबसल्या टाइप करत. मी टकटक वाजायचो आणि काम सरायचे. माझे कोणी कौतुक केले नाही, पण मला कोणी हलवलेही नाही.

मग वहिनी मोठ्या आजारातून उठल्या. त्या दमतात, हे धाकट्या दिरांच्या लक्षात आले. या गृहस्थांना कीबोर्डचे वेड. जेवायला बसले तरी टेबलावर बोटे आपटून आवाज पारखणार. त्यांनी आपल्याकडचा दुसरा कीबोर्ड आणून माझ्याशेजारी ठेवला आणि आम्हा दोघांना आळीपाळीने दाबून पाहिले. माझे बूड भक्कम, त्याचे रबर मऊ. झाले, त्यांनी मला उघडले.

उघडताना आतली पाटी उलटी धरली आणि सगळ्या स्प्रिंगा टेबलभर सांडल्या. चिमट्याने एकेक बसवताना त्यांची जीभ दातांत आली होती. माझे रबर गेले, त्याचे आले. वर प्रत्येक बटणाला आवाज दाबणारी मऊ कडी बसली.

"बघा वहिनी, बोट टेकलं की चालतो. आणि आवाज तर नाहीच."

"छान झालाय हो, भाऊजी," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या.

त्यानंतर त्यांची बोटे माझ्यावर चाचपडू लागली. एकच बटण त्या दोनदा दाबत. एका अहवालात औषधाच्या मात्रेतले शून्य दोनदा उमटले. ते वेळेवर सापडले, पण पुन्हा असे झाले तर काम दुसऱ्याकडे देऊ, असा डॉक्टरांकडून फोन आला. वहिनी "बरं" म्हणाल्या.

काही दिवसांनी दीर पुन्हा आले, बहुधा कौतुक ऐकायला. दारातच थबकले.

"वहिनी, प्रत्येक अक्षराला वर पडद्याकडे काय बघताय?"

"उमटलं का ते बघते."

"हाताला कळत नाही?"

"आजारपणातल्या त्या औषधांपासून बोटांना काही कळतच नाही, भाऊजी. बधीर झालीत. आवाजावर चाललं होतं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढी मेहनत घेतली होती. आणि घरात कुणालाच सांगितलं नव्हतं मी. आता कुठे सगळ्यांना जरा झोप लागायला लागली होती."

दिरांनी मला उलटे केले आणि एकेक कडी काढली. माझे जुने रबर त्यांनी केव्हाच दुसऱ्या कोणाला देऊन टाकले होते, ते काही परत आले नाही. त्यामुळे माझा आवाज आता थोडा पातळ आहे. वहिनींनी डोळे मिटून शून्य दाबले, ऐकले, आणि पुढचे अक्षर घेतले. त्या दिवशीचा अहवाल दुरुस्तीसाठी परत आला नाही.

मित्रांनो, वस्तूची काळजी घ्या, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच म्हणतो, तुम्ही हौसेने काही सुधारून दिले आणि समोरचे माणूस हळू आवाजात "छान झालंय" म्हणाले, तर लगेच खूश होऊन घरी जाऊ नका. जरा थांबा आणि त्याचे हात बघा.