सांज पडायच्या आत

“पोरीला झोप नीट लागते का?” लंकाबाईंनी विचारलं.

“झोप कुठली?” बनुबाई म्हणाली. “कोंबडं आरवायच्या आदी जात्यावर बसती. आळस म्हनून न्हाई आंगात.”

लंकाबाईंनी मान डोलावली, पण त्यांना काही उमगेना. अकरा वर्षांच्या पोरीला झोप पुरत नसेल तर ती काळजीची गोष्ट. ही बाई तर कौतुक सांगत होती. जेवण कसं आहे, असं विचारलं तर तिचा नवरा सहादेव खाकरून म्हणाला की पोर थोडक्यात भागवते, कुणाच्या घरी जड व्हायची नाही. कधी एकटी बसून रडते का, असं विचारलं तर नवराबायको दोघंही घाईघाईने म्हणाले की रडणं तिला ठाऊकच नाही, गरीब गाय आहे. सहादेवने आज धुवट पटका बांधला होता. ओटा सारवून त्यावर नवं घोंगडं अंथरलं होतं आणि समोर गुळाचा शिरा आला होता. लढाईच्या त्या दिवसांत रवा मिळवायला किती हिंडावं लागतं हे लंकाबाईंना ठाऊक होतं, त्यामुळे घास उतरत नव्हता. सोबत आलेल्या गोजरबाईला तसला काही संकोच नव्हता. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतला.

लंकाबाई राहात्याजवळच्या त्या गावात मुलींचा वर्ग चालवत. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगा. नशिबाला बोल लावत बसण्यापेक्षा त्या पुण्याला जाऊन ट्रेनिंग करून आल्या आणि मास्तरीण झाल्या. अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून भरलेल्या. त्या हसल्या की वर्गातल्या पोरी कशाला हसायचं ते न कळताच हसायला लागत. एखादी मुलगी शाळेतून गळायला लागली की हेडमास्तर तिचं नाव कमी करायची भाषा करत आणि लंकाबाई पायात वहाणा चढवत. घरी जायचं, पण पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत शाळेचं नाव काढायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. शाळा म्हटलं की लोक पोरीला उसात लपवतात, नाहीतर आजारी पाडतात. त्यापेक्षा ओट्यावर बसावं, पोर खाते काय, निजते कधी, भिते कुणाला, हे सहज विचारावं. घर आपोआप बोलायला लागतं. सहादेवचं घर तर फारच बोलत होतं, पण कामाचं एक अक्षर हाती लागत नव्हतं.

प्रश्न चांगुणाचा होता. पोर हुशार, कविता दोनदा ऐकली की पाठ. पण दिवाळीनंतर शाळा भरली तशी ती मधल्या सुट्टीतून परत येईनाशी झाली. दप्तर उचलायचं आणि पसार. विचारलं तर मान खाली. हेडमास्तरांनी छड्या दिल्या, त्याही तिने मुकाट्याने घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळाली. शेवटी हेडमास्तर म्हणाले की महिनाअखेर हिचं नाव काढून टाकतो, हिच्या पायी बाकीच्याही पळायला शिकतील. नाव निघाल्यावर पुढे काय होतं ते लंकाबाईंनी पुष्कळदा पाहिलं होतं. शाळेतून घरी बसलेली पोर फाल्गुनापर्यंत मांडवात उभी असायची. बालविवाहाचा कायदा नगरच्या कचेरीत, आणि मांडव दारात.

या वेळी मात्र मांडवाचा विचार त्यांच्याच नावाने चालला होता, आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं. तिसऱ्यांदा ही बाई वस्तीवर येते. येताना सोबतीला दुसरी बाई आणते. पोरीचं खाणंपिणं, झोप, स्वभाव खोदून खोदून विचारते, पण कशासाठी आलो ते काही बोलत नाही. आणि हिचा मुलगा, श्रीमंत नावाचा, कोपरगावच्या बाजूला साखर कारखान्यात नुकताच चिकटलेला! वस्तीने काय ते ताडलं होतं. मोठ्या घरची माणसं सोयरिकीचं असंच आडून बोलतात. गोजरबाईला सारं ठाऊक होतं. घरोघर फिरून मुलींना शाळेत आणायचं तिचं काम, तिच्या कानावर यायचं काही राहत नसे. मग तिने बाईंना सांगितलं का नाही? त्याचं उत्तर तिच्या ताटलीत होतं.

दिवस कलायला लागला तशा लंकाबाई उठू लागल्या. सहादेवने हात जोडले आणि च्या घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणाला. बनुबाई लगबगीने आत गेली. आतून बराच वेळ तिची कुजबुज ऐकू येत होती. तेवढ्यात शेजारच्या रोशनबीची शेळी ओट्याशी आली आणि लंकाबाईंच्या पदराचं टोक शांतपणे चघळू लागली. लंकाबाईंनी पदर सोडवला आणि त्या सरकून पलीकडे खांबाला टेकून बसल्या.

चांगुणा बाहेर आली. आईचं लुगडं कसंबसं अंगाला गुंडाळलेलं, डोक्यावर पदर, हातात रोशनबीकडून मागून आणलेली कपबशी. ती पावलं मोजल्यासारखी, न अडखळता सरळ चालत आली, बरोबर घोंगड्याच्या कडेला थांबली, वाकली, आणि लंकाबाई मघाशी जिथे बसल्या होत्या तिथे कप पुढे करून गोड आवाजात म्हणाली, “घ्या, बाई.”

तिथे कुणीच नव्हतं. खांबापासून लंकाबाई “अगं, मी इकडे” म्हणेपर्यंत चांगुणाने हात सोडलाही होता. कपबशी ओट्याच्या कडेच्या दगडावर पडून फुटली. उजेड अजून होता. माणसाला माणूस ओळखू येत होतं. पण पोर मान वळवून आवाजाचा माग काढत होती, आणि तिची नजर कुणावरच ठरत नव्हती.

“काय झालं, आये?” तिने हळूच विचारलं.

बनुबाईने तोंडावर पदर घेतला. सहादेव तुकडे वेचायला खाली वाकला.

“आता काय लपवायचं,” तो म्हणाला. “बाई, पोरीला सांजचं दिसत न्हाई. दिवसा झाडावरली मुंगी सांगती, पन दिस कलला की सगळं काळं. औंदा दसऱ्यापासनं हाय. तुमी नगं म्हनला तर तुमचं चुकत न्हाई. फकस्त भाईर बोलू नगा. न्हाईतर जलमभर कुनी करनार न्हाई तिला.”

“मी नको कशाला म्हणू?”

“सून करायला.”

“कुणाची सून?”

लंकाबाईंनी गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाईने ताटली खाली ठेवली आणि ती आभाळात बगळे शोधू लागली. तेव्हा कुठे लंकाबाईंच्या डोक्यात उजेड पडला. झोप, जेवण, गरीब गाय, सगळ्याचा अर्थ लागला. त्यांनी सांगून टाकलं की मी मास्तरीण म्हणून आले होते, चांगुणा शाळेत का टिकत नाही ते बघायला, सोयरिकीचं माझ्या मनातही नव्हतं.

बनुबाईने तोंडावरचा पदर काढला. तिचं दुःख बाजूला राहिलं आणि राग वर आला. “मंग शिरा कशापायी खाल्ला?”

लंकाबाई हसायला लागल्या. आधी पदरात, मग मोठ्याने, इतक्या मोठ्याने की शेळी दचकून पळाली. सहादेवने थोडा वेळ अपमान झाल्यासारखं तोंड केलं, पण त्याच्याही मिशा हलायला लागल्या. बनुबाई शेवटपर्यंत हसली नाही. तिने तो रवा राहात्याच्या बाजारात दोन खेपा घालून मिळवला होता.

हसू ओसरल्यावर लंकाबाईंनी चांगुणाला जवळ ओढून बसवलं. “म्हणून पळून जातेस होय गं, शाळेतून?”

“मी पळून जात न्हाई, बाई,” चांगुणा म्हणाली. “मी घरी पोचती.”

लंकाबाईंनी वस्तीबाहेरच्या वाटेकडे पाहिलं. पाचाला शाळा सुटणार, पुढे दोन्ही अंगांनी उसाची वाट, आणि वस्तीच्या अलीकडे कालव्याच्या पाटावर टाकलेली एक फळी. थंडीचा दिवस तो केवढा! सांज पडायच्या आत ती फळी ओलांडायची, एवढाच पोरीचा गुन्हा. आईने कुणाला सांगायचं नाही म्हटलं होतं, म्हणून तिने छड्या खाल्ल्या आणि शब्द मोडला नाही. आपण तीन फेऱ्या आडून आडून मोठ्या माणसांना विचारत बसलो, पोरीला एकदा जवळ घेऊन बसवलं नाही, याचं लंकाबाईंना मनापासून वाईट वाटलं.

“ह्याला औषध आहे,” त्या म्हणाल्या. “आणि ही बरी होणार आहे. ऐकलंत का? बरी होणार आहे.”

सहादेवने पटक्याच्या शेवाने डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाला. चूल आत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं की चांगुणा तीन वाजता जाईल, आणि ती माझ्या परवानगीने जाईल. कारण काय, असं हेडमास्तरांनी विचारलं. माझी परवानगी हेच कारण, असं म्हणून लंकाबाई त्यांच्यासमोर ठाण मांडून बसल्या. वर्गाची वेळ होत आली तरी त्या उठेनात, तेव्हा हेडमास्तरांनी मान्य केलं. राहात्याच्या डॉक्टरांनी डोळे तपासून माशाच्या तेलाची बाटली दिली आणि शेवग्याचा पाला, गाजर, लोणी असं खायला सांगितलं. पाला वस्तीवर हवा तेवढा होता. अडलं ते तेलाशी. सहादेव माळकरी. माशाचं तेल घरात आणायचं म्हटल्यावर तो दोन दिवस नकोच म्हणत राहिला. तोड रोशनबीने काढली. बाटली तिच्या घरी फळीवर राहील, पोरीने रोज सकाळी येऊन घ्यावं, आणि चांगुणाच्या बापाने त्या वेळी उसाकडे तोंड करून उभं राहावं. सहादेवला हे पटलं. तो रोज सकाळी उसाकडे तोंड करून उभा राहायचा आणि पाठीमागून पोरीचं “ईऽऽ” ऐकू आलं की कामाला लागायचा.

आणि गोजरबाई! एरवी तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. पण रोज तीन वाजता ती चांगुणाला फळीपर्यंत पोचवून यायची आणि कुणी विचारलं तर सरपण बघायला जाते म्हणायची. नुसतं म्हणून भागेना, म्हणून सरपण आणावंही लागायचं. त्या हिवाळ्यात तिच्या घरी लाकडांचा ढीग लागला.

माघात बनुबाईने लंकाबाईंना जेवायला बोलावलं. चांगुणा आता पाचापर्यंत शाळेत बसत होती. महिनाअखेर उलटली होती आणि हेडमास्तरांनी नाव काढायचा विषय काढला नव्हता. जेवताना सहादेवने चाचरत विचारलं की तुमच्या श्रीमंताचं कुठे जमलं का. आधी हिची सातवी होऊ द्या, मग ही श्रीमंताला पसंत करते का ते बघू, असं लंकाबाई म्हणाल्या. या वेळी बनुबाई हसली.

निघायला उशीर झाला. चांगुणा फळीपर्यंत सोडायला आली, वाटभर बडबडत. फळीशी तिने वाकून नमस्कार केला आणि ती माघारी वळली. अंधार उसातून वाटेवर उतरला होता. लंकाबाई पलीकडच्या काठावर जाऊन थांबल्या.

दूर वस्तीच्या तोंडाशी बनुबाई उभी असावी, कारण तिकडून तिची हाक आली, “चांगुणे, जपून. सावकाश ये गं.”

“दिसतंय, आये!”

लंकाबाईंना ती केव्हाच दिसेनाशी झाली होती. नुसती पावलं ऐकू येत होती, आणि ती धावत होती.