तिसऱ्या मजल्यावरचं भुंकणं

लोटे म्हणजे दोन किलोची पॉमेरेनियन. मूर्ती लहान, पण आवाज असा की हाम्बुर्गच्या बंदरातल्या बोटींनी लाजावं. मालकिणीसमोर, म्हणजे विब्केसमोर, मात्र ती तोंडातून चकार शब्द काढायची नाही. जिन्यात भेटेल तो तिचं डोकं कुरवाळून म्हणायचा, "काय गुणी पोर आहे!"

विब्के कामावर गेली की गुणी पोर सुरू व्हायची. जिन्यात चिठ्ठी लागली, "तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा दिवसभर भुंकतो", तेव्हा विब्केने जुना फोन घरात रेकॉर्डिंगला लावून ठेवला. संध्याकाळी ऐकलं. चार तास नुसती लोटेच. तिने ते पुसून टाकलं.

मजल्यावर दुसरा कुत्रा होता शेजारच्या क्लासनसाहेबांचा एमिल. बुटका, लांबोडका डॅशहुंड, आवाज घोगरा. सगळ्यांचं बोट त्याच्याकडे गेलं. तक्रारीचा कागद दारोदार फिरला. सही नाही केली तर लोकांना शंका येईल, म्हणून विब्केनेही केली. केली हो! तेवढी हिंमत बरी झाली तिला.

इमारतीच्या व्यवस्थापकाने एमिलला घराबाहेर काढायला क्लासनसाहेबांना महिन्याची मुदत दिली. विब्के रोज ठरवायची, उद्या सांगू. पण सांगितलं तर लोटेला घालवावं लागेल, हेही आठवायचं. मग मूग गिळून बसायची. शेवटी तिने आपल्या कामावरच्या साहेबाच्या हातापाया पडून लोटेला ऑफिसात न्यायची परवानगी मिळवली. आवाज थांबला की प्रकरण मिटेल, असं तिला वाटलं. झालं भलतंच. सोमवारी लोटे ऑफिसात गेली, आणि आदल्याच दिवशी क्लासनसाहेब एमिलला ब्रेमेनला भाचीकडे सोडून आले होते. इमारत शांत झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर पुरावाही पक्का.

शनिवारी क्लासनसाहेब जिन्यात भेटले. नेहमीच्या वेळेला फिरायला निघाले होते, एकटेच. विब्केच्या काखेत लोटे होती.

"बाई, तुमची माफी मागायची राहिली," ते म्हणाले. "माझे कान गेलेत. मला वाटायचं, एमिल दिवसभर पायाशी झोपलेला असतो. तुमची तर भिंतीला भिंत. फार सोसलंत."

विब्केने लोटेला खाली ठेवलं.

"एमिल नव्हता तो," ती मोठ्याने म्हणाली. "लोटे होती. चिठ्ठी लागली त्याच दिवशी मला कळलं होतं, आणि तरी मी सही केली. चला, आत्ताच ब्रेमेनला जाऊ. व्यवस्थापकाला मीच सांगते."

क्लासनसाहेबांनी कठडा धरला. लोटेकडे बघितलं.

"ब्रेमेनहून निघताना मी एमिलला रागावून बोललो हो," ते म्हणाले. "तेरा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, तुझ्या तोंडापायी तुझं घर गेलं, आता भोग. तो आपला माझा हात चाटत राहिला. गाडी काढा."