हात न टेकता

माणसांच्या शरीराची कुवत मोजणं हा माझा धंदा. पकड, तोल, जिना चढल्यावरची धाप. दवाखान्यात येणारा जो तो विचारतो, "वयाच्या मानाने बरं आहे ना?" आणि माझं डोकं फिरतं. तुमचं वय झालं म्हणून पायरी काही बुटकी होत नाही. धडधाकट शरीराला जे जमायला हवं, तेच माझं माप.

ते मी बाबांनाही लावलं. माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती, आणि दिवसभर बाळाला सांभाळायला त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. बाळाच्या वजनाची वाळूची पिशवी मी त्यांच्या कुशीत दिली.

"जमिनीवरून उठा. हात न टेकता."

बाबा अर्धे उठले, डगमगले आणि त्यांनी खुर्ची धरली. पिशवी धपकन खाली पडली.

"पिशवी होती म्हणून," ते म्हणाले. "नातीला पडू देईन का मी?"

"नापास. तिला तुमच्यावर सोडून मी नाही जाणार."

त्यांनी पिशवी हळूच कोपऱ्यात सरकवली. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले असताना बाळ रडलं आणि लगेच गप्प झालं. मी ओल्या केसांनी धावत आले. बाबा गादीशेजारी जमिनीवरच आडवे झाले होते. बाळ त्यांच्या छातीवर, मूठ त्यांच्या मिशीत.

"तिला घेऊन उठता येत नाही, कळलं मला," ते म्हणाले. "म्हणून मीच खाली आलो. आम्हाला कुठे जायचंय?"

पण उद्या घरात आग लागली तर? माप मी सोडणार नव्हते. त्यांच्याशेजारी मांडी घालून बसले, बाळाला घेतलं आणि उठायला गेले. बाळंतपणानंतर मी खाली बसलेच नव्हते. अंग उचलेना. हात आपोआप खुर्चीकडे गेला.

बाबा पडल्या पडल्या बघत होते.

"असू दे," ते म्हणाले. "वयाच्या मानाने बरं आहे."

मला हसू फुटलं, मागोमाग रडूही. रजा महिनाभर वाढवून घेतली. तेव्हापासून रोज सकाळी बाळ पाळण्यात आणि पिशवी आळीपाळीने आमच्या कुशीत.

काल बाबा थरथरत, पण हात न टेकता उठले. मी 'पास' म्हणायच्या आत त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"हं, ऊठ आता."