दोघींची बाबागाडी

ढकलणारं कोणी दिसलं नाही तरी दचकू नका. बोलतेय ती मी, एक बाबागाडी. वेताचं अंग, रबर चढवलेली लोखंडी चाकं आणि माणसाचा हात ओळखायची सवय, एवढीच माझी पुंजी.

मी जन्मले गिरगावात. मुगभाटातल्या सीतारामपंतांनी आपल्या पहिल्या मुलासाठी मला हौसेनं करून घेतलं. मुलाचं नाव रामू. त्याची आई दुर्गा मला रोज संध्याकाळी चौपाटीवर न्यायची आणि वाटभर त्याच्याशी बोलायची. "ती बघ ट्राम. तो बघ भेळवाला. हसतोस काय लबाडा?" रामूला शब्द कळत नसत, पण आईचा आवाज थांबला की तो लगेच कुरकुरायचा. एकदा माझ्या कुशीतला वेत तुटून त्याला बोचला, तेव्हा दुर्गानं तिथं आपल्या लुगड्याचा लाल तुकडा शिवून टाकला.

रामू नुकता बसायला लागला होता. पावसाळ्याच्या अखेरीस त्याला ताप आला. दवाखान्यात नेताना सीतारामपंतांनी त्याला छातीशी धरलं होतं. परत आले तेव्हा हात रिकामे होते.

दुर्गा रडली नाही. दुपारभर माझ्याजवळ बसून हलकेच मला हलवत राहायची आणि बोलायची, पूर्वीसारखंच. शेजारणी दारातूनच परत फिरायच्या. शेवटी सीतारामपंतांनी तिला माहेरी पेणला पाठवलं आणि तिच्या माघारी मला जुन्या बाजारात देऊन टाकलं. पाठमोरे होताना ते एकदा थबकले. पण वळून पाहिलं नाही.

तिथून मला उचललं गुणाजीनं. लालबागच्या चाळीत राहणारा, गिरणीत माग चालवणारा साचेवाला. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली होती, शालन. तो मला डोक्यावर घेऊन चाळीचा जिना चढला, तेव्हा सगळी गॅलरी हसली. त्याची आई गंगुबाई मात्र हसली नाही.

"मेल्या, ही खयसून हाडलंस? कोणाचा पोर हेच्यात निजला असात, कोणाक ठावक!"

"आये, साहेबाची पोरं फिरतात. माझी का नको?"

त्याची बायको बकुळा पुढे झाली. तिनं मला गरम पाण्यानं पुसून घेतलं, आत जुनं मऊ लुगडं अंथरलं आणि शालनला निजवलं. पोर लगेच झोपली.

मग आमचं फिरणं सुरू झालं. गुणाजीला सुट्टी असली की कधी राणीचा बाग, कधी शिवाजी पार्क, कधी दादरची चौपाटी. शालनला पहिला दात आला तो मी पाहिला. हत्ती बघून ती रडली आणि हत्तीचं शेण बघून खदखदून हसली, तेही पाहिलं. गुणाजी आठवडाभर गिरणीत सगळ्यांना ती गोष्ट सांगत होता.

हत्ती बघितला त्याच दिवशी राणीच्या बागेत फिकट निळ्या लुगड्यातली एक बाई वाटेत उभी राहिली. तिची नजर माझ्या कुशीतल्या लाल तुकड्यावर खिळली होती. मी तिला ओळखलं; पेणहून कधी परतली, कोण जाणे. पण मला हाक मारता येत नाही.

पुढच्या वेळी ती शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर होती. त्यानंतर चौपाटीवर, ओल्या वाळूत, आमच्या मागे बऱ्याच अंतरावर. आम्ही थांबलो की थांबायची. एकदा तर लालबागच्या नाक्यावर, चाळीच्या समोरच दिसली.

"अहो, ती बाई बघा," बकुळा म्हणाली. "आपण जाऊ तिथं असते."

"असेल कोणीतरी. रस्ता काय आपला एकट्याचा आहे?"

"ती आपल्याकडे नाही बघत. गाडीत बघते."

गुणाजीनं वळून पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. आणि शालन त्या मोकळ्या जागेकडे बघून बोळकं पसरून हसत होती.

मग छप्पन सालचा तो जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ही बातमी रेडिओवर आली आणि सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. गिरण्या बंद पडल्या. गोळीबार झाला. गुणाजी दिवसदिवस घरी नसायचा. त्यातच शालनची छाती भरली, म्हणून रस्ता जरा शांत दिसताच बकुळा तिला माझ्यात घालून परळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. येताना वाटेतच गर्दी उलटी फिरली. घोषणा, दगड, मग अश्रुधूर. बकुळाचे डोळे मिटले, कोणाचा तरी धक्का बसला आणि तिचा हात माझ्यावरून सुटला.

मी उतारावर एकटीच चालू लागले. आणि लगेच दोन हात माझ्या दांडीवर आले.

ते हात मला पाठ होते.

दुर्गा धावली नाही. गल्ल्या-गल्ल्यांतून शांतपणे मला ढकलत राहिली. एका पोलिसानं काठी आडवी घातली.

"ओ बाई, कुठं निघालात? कर्फ्यू लागायचाय."

"घरी चालले. दुधाची वेळ झालीय याची."

त्यानं आत बघितलं आणि काठी बाजूला घेतली. वाटभर ती बोलत होती. "ट्रामा बंद आहेत हं आज. भेळवालाही नाही. घाबरायचं नाही." शालन एकदाही रडली नाही. सबंध लालबाग-परळ खोकत होतं आणि ती मात्र तो आवाज ऐकत टक्क जागी होती.

मुगभाटात सीतारामपंतांनी दार उघडलं. मला बघताच ते भिंतीला टेकले.

"दुर्गा... हे मूल कोणाचं?"

"असं काय विचारता? रामू आलाय." ती आत जाऊन रामूचं बोंडलं घेऊन आली आणि शालनला दूध पाजू लागली.

सीतारामपंत शहाणे. ओरडले नाहीत. तिच्याजवळ बसून त्यांनी हळूच विचारलं, "इतके दिवस कुठं होता गं रामू?"

"लालबागला. तिथल्या एका बाईकडे सांभाळायला. चांगली आहे हो ती. अंगाला तेल लावते रोज."

कर्फ्यू उठल्याबरोबर सकाळी ते मला घेऊन निघाले. दुर्गाच त्यांना वाट दाखवत होती. लालबागला चाळीच्या पायरीवर बकुळा बसली होती. डोळे सुजलेले, केस सुटलेले. गुणाजी रात्रभर कर्फ्यूत पोलिसचौक्या धुंडाळून नुकता आला होता. आम्हाला बघताच तो धावून आला, पण त्याच्याआधी दुर्गानं शालनला उचलून बकुळाच्या ओटीत घातलं.

"चांगलं सांभाळतेस हो," ती म्हणाली. "आता ठेव. मी येईन न्यायला."

बकुळानं शालनला पदराखाली घेतलं. सीतारामपंतांनी हात जोडून रामूची हकीकत सांगितली.

गंगुबाईनं मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि मला फोडून चुलीत घालायला सांगितलं. गुणाजीनं कुऱ्हाडही आणली. बकुळा मधे उभी राहिली. "गाडीनं काय केलं? आणि त्या बाईनं तरी काय केलं? त्या धुरात तिनं उचललं नसतं, तर माझं लेकरू कोणाच्या पायाखाली गेलं असतं?"

दुर्गा येत राहिली. बकुळा तिला आत घ्यायची, चहा द्यायची आणि स्वतः दाराच्या कडीला हात लावून उभी राहायची. दुर्गा शालनला रामू म्हणायची. सगळ्यात वाईट हे, की शालन त्या नावालाही वळून बघायची.

शालनच्या पहिल्या वाढदिवसाला गॅलरीत बायका जमल्या होत्या. शालन माझं चाक धरून उभी राहिली. एका बाजूला बकुळा, दुसऱ्या बाजूला दुर्गा.

"शालन, ये गो बाय."

"रामू, ये."

पोरीनं दोघींकडे पाहिलं. चाक सोडलं आणि झुलत, अडखळत, दुर्गाकडे चालत गेली. तिचं ते पहिलं चालणं. बकुळाच्या तोंडातून हुंदका फुटला. गंगुबाई देवाचं नाव घेऊ लागली.

दुर्गानं हात पुढे केले होते. ते तसेच राहिले. ती त्या पावलांकडे बघत होती.

"हा रामू नव्हे," ती म्हणाली. "माझा रामू कधी चाललाच नाही."

आणि इतक्या दिवसांचं रडू तिला तिथं, परक्या चाळीच्या गॅलरीत आलं. बकुळानं तिला धरलं. मधे शालन दोघींचे पदर ओढत होती.

निघताना दुर्गानं फक्त मला मागितलं. कोणी नाही म्हटलं नाही.

तेव्हापासून मी परत गिरगावात आहे. रबर झिजलंय, एक चाक कुरकुरतं. दुर्गा रोज मला चौपाटीवर नेते. आता ती वाटेत बोलत नाही, नुसती ऐकत असते. लोकांना वाटतं, गाडी रिकामी आहे. मी काय सांगू? पुळणीवर माझी चाकं रुततात, ती रिकाम्या गाडीची रुततात तशी नाही. वाटेत मी दिसले तर हसू नका, आत वाकूही नका. जरा बाजूला सरून रस्ता द्या, एवढीच विनंती.

परवा महाराष्ट्र राज्य झालं आणि शिवाजी पार्कवर सगळी मुंबई लोटली. आम्हीही गेलो. भर दुपारी त्या गर्दीत बकुळा समोर आली. शालन गुणाजीच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवत होती. बकुळा हसून दुर्गाशी काही बोलणार होती. तेवढ्यात तिची नजर माझ्या आत गेली आणि ती बोलायची थांबली.

ती एक पाऊल पुढे आली. मग तिनं माझं दुमडतं छत अलगद पुढे ओढलं.

"ऊन लागेल हो त्याला," ती म्हणाली.