एक मणी कमी

खाप्यात चंपतरावांच्या अंगणात त्या दिवशी टीव्हीपुढे नारळ फुटला. टीव्ही रंगीत, भाड्याने आणलेला, स्टुलावर ठेवलेला. त्याला झेंडूचा हार आणि पुढे उदबत्ती. येणारी बाई आधी टीव्हीला हात जोडायची, मग घरच्यांना. अर्धे गाव अंगणात होते आणि उरलेले कुंपणाच्या भिंतीवर. कन्हान नदीच्या पलीकडूनही माणसे आली होती. भूत पाहिलेले लोक गावोगाव असतात. पण कॅसेटमध्ये सापडलेले, हवे तेव्हा थांबवून मागे नेता येणारे भूत १९८६ सालापर्यंत त्या भागात कोणी पाहिले नव्हते.

"लाव गा, नवरी येते तिथून लाव!" कोणीतरी ओरडले.

कॅसेट लागली. मांडवात चंपतरावांची नवी सून प्रेमिला मामाच्या हाताला धरून येत होती. आणि तिच्या गळ्याभोवती, हवेत, काळ्या मण्यांची एक गोल माळ तरंगत होती. प्रेमिला चालली की माळ चालायची. प्रेमिला पाटावर बसली, माळही बसली. सप्तपदीत सात पावले माळ तिच्याबरोबर चालली.

"पाय वं माय, कशी चिकटून राहिली!"

"अजून मंगळसूत्र बांधाचं आहे, अन् गळ्यात काळे मणी आधीच!"

"अन् एक मणी कमी आहे. डाव्या अंगाले पाय, वरून. दिसला काय?"

दिसला. माळेत डाव्या बाजूला एक जागा रिकामी होती. ती रिकामी जागा पाहून बायकांनी तोंडाला पदर लावला.

भैयाजी महाराज गादीवर बसले होते. ते मूळचे कुठले हे कोणाला ठाऊक नव्हते. विचारले की ते नर्मदेच्या दिशेने हात करायचे. बोलताना एक पाय मराठीत आणि एक हिंदीत.

"छाया है, माई, छाया!" ते म्हणाले. "मशीन झूठ नहीं बोलती. माणसाच्या डोळ्याले माया दिसते, मशीनले सत्य दिसते. या घरात कोणी पोरगी लग्नाआधी गेली काय?"

असे कोणीतरी प्रत्येक घरात सापडते. प्रेमिलाची सासू रुखमाबाई चंपतरावांकडे बघत आठवून आठवून म्हणाली, "यायची आत्या गेली होती म्हणे, हैजाच्या साथीत. साखरपुडा झाला होता."

"वही!" महाराजांनी मांडीवर थाप मारली. "तिचं मंगळसूत्र अधुरं राहिलं. म्हणून एक मणी कमी. ती या पोरीच्या गळ्यात बसून लग्न करून गेली. आता सून कोण आणि आत्या कोण, हे तुम्हीच सांगा."

आत्याशी संसार करायला कोणीच तयार नव्हते. म्हणून ठरले होते ते असे: आज छायाविसर्जनाचा विधी करायचा, मग प्रेमिलाने खापरखेड्याला माहेरी जायचे, कायमचे. छाया गळ्यात होती, तरी पाटल्या, तोडे आणि कानातलेसुद्धा शुद्धीसाठी महाराजांच्या मठात जमा व्हायचे होते. छायेला धातूची आवड असते, असे महाराजांनी सांगितले.

दागिन्यांचे गाठोडे महाराजांच्या गादीजवळ ठेवले होते. प्रेमिलाची लोखंडी पेटी दाराशी होती आणि तिच्यावर तिचे वडील महादेवराव बसले होते. वीज केंद्रात नोकरी; सकाळची पाळी सोडून मुलीला न्यायला आले होते. नवरदेव मधुकर खांबाला टेकून स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

या विधीची शूटिंग करायला नागपूरहून, सदर भागातून, श्रीधर आणि त्याची बायको चारुशीला आले होते. लग्नाची कॅसेट त्यांचीच. श्रीधरच्या खांद्यावर कॅमेरा, कमरेला लटकवलेला जड व्हीसीआर आणि दोघांमध्ये केबल. चारुशीलाच्या हातात लाइट. बायकांच्या खोलीत पुरुष कॅमेरावाला नको असे, तिथे कॅमेरा ती घ्यायची. रोज सकाळी तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, आणि सांजवात लागेपर्यंत अन्न नाही, हा तिचा नेम. भाविक बाई म्हणून कुठल्याही घरातल्या देवघरापर्यंत तिला वाट मोकळी असायची. भूत लागलेल्या कॅसेटची गोष्ट तिने ऐकली, तेव्हा मनात रामाचे नाव घेऊन तीही घाबरली होती.

"विधीची कॅसेट नीट काढ, बेटा," महाराज श्रीधरला म्हणाले. "याच्या कापी निघतील. गावोगाव लागतील. आगे भगवान की मर्जी, पीछे तुम्हारी दुकान."

शूटिंगच्या आधी पांढरा रंग कॅमेऱ्याला ओळखून द्यावा लागतो, नाहीतर सगळे लग्न निळे किंवा पिवळे येते. त्यासाठी चारुशीला नेहमी पांढरे फडके धरून उभी राहायची. आज फडके घरी राहिले. चंपतरावांचे कापडाचे दुकान; त्यांनी पांढऱ्या मांजरपाटाचा कोरा तुकडा दिला. तेवढ्यात श्रीधर तार मागायला आत गेला, म्हणून चारुशीलाने कापड भिंतीला टाचले आणि स्वतःच कॅमेऱ्याला डोळा लावला.

कोऱ्या मांजरपाटावर काळ्या मण्यांची माळ होती. एक मणी कमी.

तिने डोळा काढून भिंतीकडे पाहिले. कापड स्वच्छ. पुन्हा डोळा लावला. माळ. कापडाचे कोणाशी लग्न झाले नव्हते, साखरपुडाही नव्हता.

श्रीधर बाहेर आला आणि तिचा चेहरा पाहून त्याने ओळखले.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे तुम्हाले ठाऊक होतं?"

"हळू बोल वं." त्याने तिला भिंतीकडे वळवले. "लग्नाच्या घाईत आपल्या दोघायचं लक्ष नाही गेलं, घरी आलो तेव्हा दिसलं. कॅमेऱ्यातली ट्यूब जळली आहे. मांडवाच्या दिवशी या बावानं डोक्यामागं लाइटचं चाक लावलं होतं ना? त्याचं तोंड अंधारात येत होतं, म्हणून मी भिंग पूर्ण उघडलं. पंगत बसली, तू हाक मारली, अन् कॅमेरा तसाच स्टँडवर राहिला."

"अन् तुम्ही सांगितलं नाही?"

"काय सांगू? आमचा कॅमेरा फुटका आहे? सिझन तोंडावर आहे. कोण बोलावीन आपल्याले? दुकान बंद होईन, चारू. आज फक्त गप राहा. तुले कोणी खोटं बोलाले सांगून नाही राहिलं."

"ती पोरगी चालली घरातून."

चारुशीलाने अंगणाकडे पाहिले. प्रेमिला मान खाली घालून उभी होती आणि कोणी तिच्या पाच हात जवळ जात नव्हते. मांडवात जिच्या शेजारी बसायला बायका भांडल्या होत्या, तीच.

"सकाळी पोथी वाचून मी घरातून निघाली," चारुशीला म्हणाली. "संध्याकाळी त्याच पोथीसमोर बसाचं आहे मले. तुम्ही केबल टीव्हीले लावा."

श्रीधरने केबल टीव्हीला लावली. आता कॅमेरा जे बघेल ते त्याच क्षणी टीव्हीवर दिसणार होते.

"महाराज," ती नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "छाया काढाच्या आधी एकदा सगळ्यांले दाखवू काय?"

"दिखाओ, बेटी, दिखाओ!"

तिने कॅमेरा प्रेमिलाकडे केला. टीव्हीवर प्रेमिला आली, गळ्याभोवती माळ. अंगणात हाय हाय झाली.

"प्रेमिला, जराशी बाजूले हो, बाई."

प्रेमिला बाजूला झाली. कॅमेरा हलला नाही. टीव्हीवर नुसती भिंत राहिली, आणि भिंतीवर माळ.

"निकल गई!" महाराज गरजले. "देखा? मंत्र म्हटला नाही तोच निघाली! भिंतीत गेली!"

चारुशीलाने कॅमेरा रुखमाबाईकडे वळवला. माळ रुखमाबाईच्या गळ्यात. रुखमाबाईने किंकाळी फोडून गळ्याला हात लावला.

"सासमध्ये घुसली!" महाराज म्हणाले. पण आवाज थोडा खाली आला होता.

मग माळ भिंतीवर बसलेल्या मुलांवर गेली. मग गोठ्यातल्या म्हशीवर. म्हशीने रवंथ चालूच ठेवले.

"म्हशीचंबी लग्न राहिलं काय गा?" मागून एक जण म्हणाला, आणि त्या अंगणात सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी हसले.

"ती भटकून राहिली," महाराज म्हणाले. "जागा ढूंढ रही है. बंद करो मशीन, छाया भडकेल!"

"भडकणार नाही, महाराज. तिले घरी जाचं आहे." चारुशीलाने चंपतरावांना विचारले, "मामाजी, मांडवाच्या दिवशीचं ते चाक कुठं आहे?"

चाक गोठ्याशीच टेकवून ठेवलेले होते. बैलगाडीचे जुने चाक, त्याच्या कडेच्या लोखंडी धावेवर गोल बल्ब ठोकलेले. तेज असल्याशिवाय महाराज कुठे बसत नसत, आणि तेज वायरमनकडून बसवून घेत. दोन माणसांनी चाक आणून गादीमागे उभे केले. महादेवराव पेटीवरून उठले. विजेचे काम त्यांचे. त्यांनी पिन लावली.

चाक पेटले. सगळे बल्ब पेटले. फक्त डाव्या बाजूचा, वरचा एक पेटला नाही. तो मांडवाच्या दिवशीही उडालेलाच होता.

चारुशीलाने कॅमेरा चाकासमोर धरला आणि थोडा मागे, थोडा वर घेतला. टीव्हीवर काळी माळ सरकत सरकत चाकावर गेली. एक एक मणी एक एक बल्बावर बसला. आणि जिथे मणी नव्हता, तिथे न पेटलेला बल्ब होता. संध्याकाळी म्हैस आपल्या खुंट्याशी येऊन उभी राहावी, तशी छाया महाराजांच्या डोक्यामागे जाऊन थांबली.

अंगणातले लोक उठून टीव्हीजवळ सरकले.

"अरे, हा तं बावाचाच दिवा!" भिंतीवरचा एक माणूस म्हणाला.

"बल्ब बंद करा," चारुशीला म्हणाली, आणि मग सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली. "दिव्याकडे टक लावून पाहिलं अन् डोळे मिटले, तर काळा ठिपका दिसतो ना? आपला ठिपका घडीभरात जातो. या कॅमेऱ्याच्या पोटात काचेची नळी आहे, तोच त्याचा डोळा. तो पंगत उठेपर्यंत या चाकाकडे पाहत राहिला. त्याचा ठिपका आता जात नाही. तो ज्याच्याकडे पाहीन त्याच्यावर ही माळ दिसन."

"मंग सुनेच्याच गळ्यात काहून दिसली?" रुखमाबाईचा हात अजून गळ्यावरच होता.

"आमच्या धंद्यात नवरी चित्राच्या मधोमध ठेवावी लागते, आत्याबाई. ती जिकडे जाते तिकडे कॅमेरा जातो. माळ प्रेमिलाच्या मागं नव्हती. आमीच तिच्या मागं होतो. तुमची कॅसेट पुन्हा लावा. भटजीवर आहे, बँडवाल्यावर आहे, जिलबीच्या परातीवर आहे. पण तुमी सगळे नवरीलेच पाहत होते."

तिने कॅमेरा खाली घेतला. पुढचे वाक्य तिला जड गेले, पण तिने ते खाली मान घालून म्हटले नाही. "चूक आमची आहे. कॅमेरा खराब झाला, ते आमी सांगाले पायजे होतं."

श्रीधरने केबल गुंडाळायला घेतली. "माझी चूक," तो म्हणाला. "तिची नाही."

महाराजांना ध्यानाची वेळ झाल्याची आठवण झाली. जाताना त्यांनी सवयीने गाठोड्याकडे हात नेला, पण तोवर तिथे प्रेमिला उभी होती. तिने आपले दागिने उचलून पोटाशी धरले. महाराज एका पायात आपली आणि एका पायात दुसऱ्याची चप्पल घालून गेले.

"मले तं पहिल्या दिवसापासूनच त्या बावावर शंका होती," रुखमाबाई म्हणाली.

सगळे प्रेमिलाकडे बघू लागले. ती रडेल असे बायकांना वाटले. ती दारापर्यंत गेली, पेटीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "ही पेटी मी बाहेर नाही आणली. आत कोण नेते?"

चंपतराव पुढे झाले. महादेवरावांनी हाताने त्यांना थांबवले आणि जावयाकडे पाहिले. मधुकरने चपलांवरची नजर काढली. त्याने पेटी उचलली. जड होती, उंबऱ्यावर तो अडखळला, पण खाली ठेवली नाही.

चारुशीलाने मांजरपाटाचा तुकडा भिंतीवरून काढून घडी केला. एका म्हाताऱ्याने तिला अडवले. "बाई, तुमी तं देवाधर्माच्या. मंग साधूचं काहून उघडं पाडलं?"

"देवासमोर मी डोळे मिटते, बाबा," ती म्हणाली. "तिथं मिटले तर कोणाचं नुकसान नाही. पण दुसऱ्याच्या लेकीकडे बोट दाखवाच्या येळेला ते उघडेच पायजेत. जे दिसलं ते कुठून आलं, एवढं तरी विचारा. देव काही त्याच्यानं रागावत नाही."

त्या सिझनला त्यांची बरीच लग्ने गेली. श्रीधरने कॅमेऱ्याची नळी बदलून घेईपर्यंत दुकानात फक्त पासपोर्ट फोटो निघत होते. पुढे लोक हळूहळू परत आले. पहिली ऑर्डर आली ती महादेवरावांच्या शिफारशीने, खापरखेड्याच्या कॉलनीतली.

तेव्हापासून त्या दुकानाची एक रीत झाली. लग्न सुरू होण्याआधी चारुशीला मांजरपाटाचा तोच तुकडा धरायची आणि वरपक्ष, वधूपक्ष दोघांनाही कॅमेऱ्यातून पाहायला लावायची.

"काय दिसलं?" ती विचारायची.

"काही नाही. पांढरं."

"मग लक्षात ठेवा. उद्या काही दिसलं, तर आधी कॅमेरा या कापडावर धराचा, मंग नवरीचं नाव घ्याचं," ती म्हणायची, आणि कॅमेरा नवरीकडे वळायचा.