मुलाखत क्रमांक सात

"आधी आडनाव, मंग स्वल्पविराम, मंग नाव. किती वेळा सांगू सर तुमाले?" शकुन स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली.

शुभम ढोले बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बॅग मांडीवर घेऊन बसला होता. वरूडच्या एका कॉलेजात तो सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होता, आणि त्याची पीएच.डी.ची नोंदणीही तेवढीच जुनी होती. तिची मुदत आज संपत होती. पाच वाजता विद्यापीठाची खिडकी बंद झाली की सहा वर्षं पाण्यात. सव्वादोन वाजले होते आणि संदर्भसूची अजून व्हायची होती.

"ताई, पाचच्या आत होईन ना?"

"होईन. तुमी मधी मधी विचारू नका."

विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या त्या गाळ्यात शकुन गवई सत्तावीस वर्षं लोकांचे प्रबंध टाइप करत होती. प्रकरणं कोणीही टाइप करून द्यायचं, पण संदर्भसूची म्हटली की अमरावतीतले बाकीचे टायपिंगवाले हात वर करून गिऱ्हाईक तिच्याकडे पाठवत. काम मोठं किचकट. लेखक, पुस्तक, प्रकाशन, गाव, साल, सगळं ओळीत आणि वर्णानुक्रमे. गाईड लोक पहिलं पान आणि शेवटची पानं पाहून सही करतात, मधल्या तीनशे पानांच्या वाटेला कोणी जात नाही, म्हणून शेवटची पानं चकचकीत लागतात.

यादी पाहूनच तिला कळायचं, कोणी पुस्तक वाचलंय आणि कोणी नुसतं नाव उचललंय. २००४ साली तिच्याच हातून एका पुस्तकाचं साल १९६७ च्या जागी १९७६ पडलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या विद्यार्थ्याने त्या प्रबंधातून यादी उचलली, त्याच्यापुढच्याने त्याच्या. आज शुभमच्या यादीतही एकतिसाव्या क्रमांकावर ते पुस्तक १९७६ चंच होतं. पूर्वी ती दुरुस्त करायची. एकदा एका गाईडने झापलं, "सगळ्या प्रबंधांत शहात्तर आहे, तुम्ही कोण बदलणार?" तेव्हापासून तिने तो नाद सोडला.

पुस्तकं संपली. मग 'प्रत्यक्ष मुलाखती'. शुभमचा विषय वऱ्हाडातल्या जुन्या रात्रशाळा, त्यामुळे पंचवीस म्हाताऱ्याकोताऱ्यांची नावं होती. तिने सगळी ओळीने निवडली आणि आडनावांप्रमाणे लावली. सातव्या ओळीवर तिचा हात थांबला.

खंडारे, बुधाजी. वय ८७. अंजनगाव सुर्जी. प्रत्यक्ष मुलाखत, १८ ऑगस्ट २०२३.

बुधाजी खंडारे हे तिचे वडील. ते २०२२ च्या जानेवारीत वारले होते. त्याआधी दोन वर्षं अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती.

"सर, याइले भेटले काय तुमी?" तिने विचारलं. आवाज तिने साधाच ठेवला.

शुभमने मान पुढे करून नाव वाचलं. "हो त. गेलो होतो ना अंजनगावले. लय बोलला म्हातारा. चाय पाजला."

"काय बोलला?"

"तेच, रात्रशाळेचं. चौथ्या प्रकरणात हाये सगळं."

तिने चौथं प्रकरण उघडलं. बुधाजी खंडारे म्हणाले होते, 'आम्हाला शिक्षणाची फार ओढ होती. परिस्थिती बिकट होती, पण जिद्द होती.' दोन पानांनंतर अचलपूरच्या एका बाईही अगदी हेच म्हणाल्या होत्या, एक शब्द इकडेतिकडे न होता.

बुधाजी कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. दिवसभर गाठी वाहून झाल्यावर तिथल्याच एका शेडमध्ये त्यांनी अकरा वर्षं रात्रशाळा चालवली. शाळेची हजेरीची रजिस्टरं त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. अठ्ठ्याण्णव साली इस्त्रीचा शर्ट घालून, ती रजिस्टरं थैलीत घेऊन ते एसटीने अमरावतीला आले आणि विद्यापीठाच्या एका विभागाबाहेर सकाळपासून चारपर्यंत बसून राहिले. शेवटी कोणीतरी म्हणालं, पत्ता देऊन जा, संशोधक येतील. त्यांनी पत्ता दिला. त्यानंतर वीस वर्षं दारापुढे मोटारसायकल थांबली की ते शर्टाच्या गुंड्या लावून बसायचे. कोणी आलं नाही. ते गेल्यावर घराचं छप्पर काढताना भावाने पेटी उघडली तर आत वाळवी. रजिस्टरं रद्दीतही गेली नाहीत, सरळ उकिरड्यावर गेली.

"सर," शकुन म्हणाली, "ते माये बाबा होय. बावीसच्या जानेवारीत वारले. त्याच्या आंधी दोन वर्सं त्याइले बोलताच येत नव्हतं."

शुभमचे कान लाल झाले. बॅगेचा पट्टा तो उगाच सारखा करत राहिला.

"मले मालूम नव्हतं ताई," तो शेवटी म्हणाला. "एका मास्तरनं फोनवर नावं देल्ली. सोळा लोकाइले मी खरंच भेटलो, शप्पथ. मंग कॉलेजातून सुट्टीच भेटली नाई. गाईड सर म्हणे पंचवीसच पायजेत."

"काढू काय मंग नाव?"

"काढलं त चोवीस होतात. सर सही नाई करत. आज गेलं त सगळंच गेलं ताई." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "तारीख मागची टाका ना."

शकुनला संताप आला. त्याची फाईल उचलून रस्त्यावर भिरकावावी असं वाटलं. पण समोर बसलेला माणूस छत्तिशीतच पिकला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. त्याला हाकलून तिला काय मिळणार होतं? आणि आणखी एक विचार मनात आला, ज्याची तिला लाज वाटली. हे नाव काढलं तर बाबा कुठेच राहत नव्हते. जगात कुठल्याच कागदावर नाही.

"बसा दहा मिन्टं," ती म्हणाली. "ते काय बोलले असते ते मी सांगतो. चौथ्या प्रकरणात खरं त टाकू."

शुभमने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "ताई, अजून बायंडिंग हाये. चार प्रती हायेत. आन हे येवढं कोणी वाचत नाई."

तो वाईट भावनेने बोलला नव्हता. खरं तेच बोलला होता, आणि ते खरं आहे हे शकुनइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिने तारीख खोडली. ८ डिसेंबर २०१९ अशी टाकली. वय ८७ होतं, ते ८३ केलं. त्या रविवारी ती अंजनगावला गेली होती. बाबांची वाचा तेव्हा शाबूत होती, अंगणात उन्हाला बसून ते बराच वेळ बोलत होते. तिने पानं छापली, पंखा बंद करून ती नीट जुळवली आणि त्याच्या हातात दिली. शुभम पानं छातीशी धरून बायंडिंगवाल्याकडे पळाला.

शुभमने आणलेल्या कच्च्या यादीतलं जुन्या तारखेचं पान टेबलावर तसंच पडून होतं. शकुनने ते उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तिने पेन घेतलं आणि वर लिहिलं, बुधाजी खंडारे. आता घाई नव्हती, आता खरं ते लिहिता आलं असतं.

पहिल्या दिवशी शाळेत किती जण आले होते? पाट्या कुठून आणल्या होत्या? अकरा वर्षांनी शाळा बंद का पडली? तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या रविवारी बाबा हेच तर सांगत होते बहुतेक. ती पायरीवर बसून "हं, हं" म्हणत होती. तिच्या मांडीवर नांदगावच्या एका विद्यार्थ्याची संदर्भसूची होती आणि सोमवारी सकाळी ती द्यायची होती.

दारात गिऱ्हाईक उभं राहिलं, तेव्हा कागदावर नावाखाली एकही ओळ नव्हती. तिने पेनाला टोपण लावलं.